भिंगरीचा शेवटचा सामना

मैदानाच्या मधोमध सतत गरगर फिरायची, म्हणून फुटबॉल क्लबातल्या मुली तिला भिंगरी म्हणत. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, तरी या पठ्ठीने मधली फळी सोडली नाही. निवृत्तीच्या सामन्यात कर्णधाराने पेनल्टी मुद्दाम तिलाच दिली. गोलरक्षक मुलीने फटका अडवला, पण चेंडू उसळून पुन्हा भिंगरीच्याच पायाशी आला. समोर गोल सताड उघडा होता. हिने मात्र सवयीने चेंडू शेजारच्या नवख्या पोरीकडे सरकवला आणि त्या पोरीने आयुष्यातला पहिला गोल ठोकला.

सामना संपल्यावर भिंगरीचे शिंपीकाम करणारे बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, हातातला गोल देऊन टाकलास?"

"हातातला नाही बाबा, पायातला! आणि इतकी वर्षं दुसरं काय केलं मी?"

बाबांनाही हसू आवरेना.