अष्टमीची ओहोटी

१९ जानेवारी १९२९ रोजी सकाळी येसाजी मास्तरांच्या कोटाच्या खिशात एक रुपया सात आणे होते. सहलीसाठी तेवीस मुलांची आण्याप्रमाणे वर्गणी. त्यातले सात आणे अलिबागच्या बाजारात गूळ-शेंगदाण्यांवर गेले.

मास्तर पेणकडच्या भातशेतीच्या गावचे. सहा वर्षे तात्पुरत्या जागेवर काढून दिवाळीनंतर नागावच्या शाळेत बदलून आले होते. शाळा तपासणाऱ्या डिप्युटीसाहेबांनी सांगितले होते, "एकाच जागी इतिहास, भूगोल, गणित शिकवून दाखवा. पाठ पसंत पडला तर कायम करतो." मास्तरांनी कुलाबा किल्ला निवडला. सरकारने जपलेला, भर समुद्रातला, ओहोटीला पायी जाता येईल असा.

ओहोटीची वेळ काढणे हाच गणिताचा पाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मास्तर नागावला येऊन शिकले होते. चार दिवस आधी मुलांनी वर्गात एका सुरात पाऊणकी म्हटली. सहलीच्या दिवशी अष्टमी, आठ पाऊण सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. साहेबांना बाराची वेळ कळवली.

बारा वाजता सगळे किनाऱ्यावर उभे होते. साहेबांनी घड्याळ काढले.

"मास्तर, बारा वाजले."

"होय साहेब."

"मग हे पाणी?"

किल्ल्याच्या वाटेवर छातीभर पाणी होते. मास्तरांनी वाळूत काडीने गणित पुन्हा मांडले. उत्तर सहाच आले. गणितात हुशार असलेल्या फिरोजा या मुलीकडून करवून घेतले. तिचेही सहाच. गणित बरोबर होते आणि समुद्र समोर होता. दोन्ही एकदम खरे कसे, हे त्यांना कळेना. पंचांग चुकले की साहेबांचे घड्याळ पुढे आहे? पण घड्याळाबद्दल विचारायचे तरी कसे?

चौथीतली काशी कोळ्याची पोर. ती हळूच म्हणाली, "मास्तर, आज भांग हाय."

"भांग म्हणजे?"

"अष्टमीला दर्या आलशी होतो. धड भरत न्हाय, धड सुकत न्हाय. ओहोटी हीच. आता याच्याखाली न्हाय जानार पानी."

"अगं, मग चार दिवस गप्प का बसलीस?"

"तुमी वेळ इचारलीव. पानी किती ता कुटं इचारलंव?"

मुले खिदळली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी काशीला जवळ बोलावले. जवळच होडीला तेल चोळत बसलेला दयाराम कोळी ओरडला, "मास्तर, चालत जायाला पुनवेला या! आज होडीत बसा. जाऊन-येऊन पावणेदोन रुपये."

मास्तरांनी खिसा चाचपला. "एकच आहे रे."

"बाकीचे मागनं द्या. पाठ बुडवू नका."

दोन खेपांत सगळे पलीकडे गेले. साहेबांनी होडीतच पाठ सुरू केला. पुनवेला पाणी किती उतरते, कुठला खडक दिसतो, हे काशी सांगत होती. साहेब लिहून घेत होते आणि मास्तर दोघांच्या मधे टिपणाची वही धरून बसले होते. किल्ल्यात गोड्या पाण्याचे टाके पाहून एकाने विचारले, "समुद्रात गोडं पाणी कसं?" मास्तरांच्या टिपणात ते नव्हते. त्यांनी सवयीने काशीकडे पाहिले. तिने मान हलवली. तिलाही ठाऊक नव्हते. साहेबांनाही नव्हते.

परत आल्यावर शेरा लिहिण्याची वेळ आली. तक्त्यात 'विषय' असा एकच रकाना. साहेबांनी तो कोरा ठेवून खाली लिहिले, "मुले चौकस आहेत. शिक्षक मुलांचे ऐकतात."

मास्तरांनी ते दोनदा वाचले.

"साहेब, हे चांगलं की वाईट?"

"तेच ठरवतो आहे," साहेब म्हणाले.

महिन्याभराने हुकूम आला. जागा आणखी एक वर्ष तात्पुरती, पुढच्या वर्षी पाठ पुन्हा घ्यावा. तिथी मास्तरांनीच सुचवावी, असे त्यात लिहिले होते. मास्तर कागद घेऊन काशीच्या घरी गेले आणि पौर्णिमेला किल्ल्याची वाट किती वाजता उघडी पडते ते विचारून आले.

दयारामचे बारा आणे द्यायचे आहेत.