लख्खताईंचं धावेचं घड्याळ

लख्खताईंचं खरं नाव त्यांच्या यजमानांना ठाऊक असावं. पण तेही आता छातीठोकपणे सांगतील असं नाही. गल्लीपासून कारखान्यापर्यंत सगळे त्यांना लख्खताईच म्हणतात. काही लबाड मंडळी पाठीमागे आणखी काय काय म्हणतात, पण त्या मंडळींच्या घरचे नळ बघा! हाताला लागतील ते सगळे लख्खताईंनी घासून दिलेले. हळदीकुंकवाला नव्हे, साधं पातेलं परत द्यायला गेल्या तरी बाई निघताना दाराची कडी चकचकीत करूनच निघणार. एकदा दवाखान्यात ताप घेऊन बसल्या होत्या. नंबर यायला उशीर लागला, तर डॉक्टरांची पितळी पाटी पदरानं अशी घासली की, डॉक्टर बाहेर आले आणि आपलंच नाव वाचून क्षणभर दचकले.

हा रोग त्यांना लागला तो पोटापाण्याच्या धंद्यातून. चषक आणि ढाली बनवणाऱ्या कारखान्यात त्या पॉलिशच्या कामाला. कारखाना हे आपलं म्हणायला. एक लांबट खोली, मागच्या भिंतीला मोटारीवर फिरणारं कापडी चाक, त्याला लावायची मेणासारखी लाल कांडी, आणि सगळ्यांच्या नाकपुड्यांत काळी पूड. चाकासमोर स्टुलावर लख्खताई. नाकातोंडाला फडकं, आणि हातात कुणाचा तरी पराक्रम.

नवे चषक तर कुणीही चमकवेल. लख्खताईंची खरी करामत फिरत्या चषकांत. हे चषक दर वर्षी एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जातात. वर्षभर कुणाच्या तरी कपाटावर बसून, पोरांच्या हातून आपटून, कधी कुणी त्यात सुट्टे पैसे टाकून, कधी चक्क पेन्सिली उभ्या करून, बिचारे कळा उतरलेल्या अवस्थेत परत येतात. लख्खताई पोचे काढायच्या, चाकावर धरून घासायच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत बफ मारायच्या, आणि चषक असा बाहेर पडायचा की जणू काल जन्मला. त्यांचा एक दंडक होता. "मागच्या वर्षीच्या गड्याची बोटंसुद्धा राहता कामा नयेत. जो जिंकेल त्याला वाटलं पाहिजे, हा माझ्यासाठीच केलाय." तिथं काम करणाऱ्या साऱ्यांनी हा दंडक मानला होता. दोन मिलिमीटरचा ओरखडा असला तरी बाई चषक पुढे जाऊ देत नसत. मालक म्हणायचे, "अहो, कुणाला दिसतंय?" त्यावर त्या चाक सुरू करायच्या. चाकाच्या आवाजात मालकाचं पुढचं बोलणं ऐकू येत नसे, ही त्यातली सोय.

आता घड्याळाकडे येऊ.

लख्खताईंचे वडील वजनकाट्यावर कारकून होते, पण त्यांचा खरा मान सुट्टीच्या दिवशी. सायकलच्या असोत की पायी धावायच्या, शर्यती कुठंही असल्या की वेळ धरायला त्यांनाच बोलावणं. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ होतं. तबकडीत दोन छोट्या तबकड्या, चावीच्या खाली-वर दोन जादा बटणं. वरचं दाबलं की लांब काटा धावू लागायचा, परत दाबलं की थबकायचा. जाताना वडिलांनी राहत्या दोन खोल्या मुलाला दिल्या आणि घड्याळ मुलीला. म्हणाले, "हिच्या हातात वस्तू टिकते."

झालं! थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या मनात अढी बसली. "मला गळकं छप्पर आणि हिला घड्याळ," हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं की, ते छपरालाही पाठ झालं असावं. आधी येणं कमी झालं, मग बोलणं, मग रस्त्यात समोर आले तर नुसती मान. तीसुद्धा अशी हलवायचे की 'ओळखलं' की 'नको', काही कळू नये. लख्खताई आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून दादांना समोरच्या रस्त्यानं जाताना बघायच्या आणि तवा उगाचच घासायला घ्यायच्या.

आणि एके दिवशी दादांचा फोन आला. यजमानांनी उचलला, नाव ऐकलं, आणि निखारा हातात आल्यासारखा फोन बायकोकडे टाकला.

"ते घड्याळ आहे ना अजून?" दादांनी 'कशी आहेस' वगैरे कुठंच न थांबता विचारलं.

"आहे की. असणारच."

"विकलं नाहीस?"

"दादा, मी काय विकेन?"

"बरं. मी मोबाईलवर बघितलं. तसलंच, दोन छोट्या तबकड्यांचं. लिलावात गेलं. किती सांगू? बंगला येईल, धाकटे. बंगला!"

'धाकटे' हा शब्द इतक्या वर्षांनी कानावर पडला आणि लख्खताईंना पुढचा बंगला ऐकूच आला नाही. त्या म्हणाल्या, "चल, दोघं जाऊन दाखवून येऊ. जे येईल त्यातलं अर्धं तुझं."

फोन ठेवल्यावर यजमान म्हणाले, "अर्धं? बंगल्याचं?"

"अहो, बंगला घेऊन मी काय करू? किती नळ असतील त्यात!"

"तेच म्हणतोय. तुझी तर चंगळ."

"मला दादा घरी यायला हवाय," लख्खताई म्हणाल्या, आणि यजमानांनी, शहाणे असल्यामुळे, वर्तमानपत्र उघडलं.

जायच्या दिवशी सकाळी लख्खताई अंमळ लवकर कारखान्यात गेल्या. घड्याळ पाहणाऱ्याच्या नजरेत भरलं पाहिजे, म्हणून चाकावर हलक्या हातानं एक शेवटचा बफ मारला. वडील गेले त्या तारखेला त्या दर वर्षी मारायच्याच; आज एक जादा. घड्याळ असं झगझगलं की, शेजारचा ढाली रंगवणारा रंगारी डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "ताई, हे बघून वेळ कळत नाही, आपला चेहरा दिसतो."

"मग दाढी करून ये," ताई म्हणाल्या.

जुन्या घड्याळांचा जाणकार एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसायचा. दारावर पाटी नाही. आत एक टेबल, हिरवं कापड, वाकवता येणारा दिवा, आणि भिंतीवर इतकी घड्याळं की, प्रत्येक आपलंच खरं करत होतं. जाणकाराच्या स्वतःच्या मनगटावर मात्र प्लास्टिकचं, आकडे दाखवणारं, बाजारातलं स्वस्त घड्याळ. दादांनी ते बघून बहिणीला कोपर मारलं. बहीण एवढ्या वर्षांनी मिळालेल्या कोपरानं इतकी सुखावली की तिला हसायचं भानच राहिलं नाही.

जाणकारानं रुमालातून घड्याळ काढलं. डोळ्याला भिंग लावलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग मागचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "आतलं यंत्र सुरेख आहे. अस्सल." झाकण लावलं, आणि रोग्याच्या नातेवाइकांकडे बघावं तसं दोघांकडे बघितलं.

"बाहेर हे कुणी केलं?"

"काय?" दादा म्हणाले.

"हे बघा. या कडांना धार असते. इथं कोपरे असतात. आता कसं झालंय? साबणाची वडी वापरून वापरून होते तसं. मागे अक्षरं कोरलेली असणार, ती पार गेली. आणि ही तबकडी नंतर रंगवली आहे. मूळची कशी होती?"

"तपकिरी पडली होती," लख्खताई हळूच म्हणाल्या. "चहा सांडल्यासारखी."

जाणकारानं डोळे मिटून घेतले. "त्या चहासाठी लोक जीव टाकतात हो. उन्हानं पन्नास वर्षं बसून तो रंग आणलेला असतो. ज्याला हे घड्याळ हवं असतं त्याला त्याच्यावर मागच्या माणसाची बोटं हवी असतात. ओरखडा हवा असतो. कुठल्या गाढवानं हे इतकं घासलं?"

"बाबांनीच घासलं असेल," दादा पटकन म्हणाले. "त्यांना टापटिपीची फार हौस."

लख्खताईंना एवढंच करायचं होतं, की काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. बाबा काही सांगायला येणार नव्हते. दादांनी स्वतःच्या हातानं वाट करून दिली होती, आणि त्या वाटेच्या टोकाला दादा पुन्हा घरी जेवायला येत होते. खरं सांगितलं, तर हा माणूस जिना उतरेल आणि मग मान हलवायचंही बंद. लख्खताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बाबा नाही, दादा. गाढव इथंच बसलंय."

दोघंही पुरुष त्यांच्याकडे बघू लागले.

"मी घासलं. दर वर्षी, चाकावर. तबकडी आमच्या रंगाऱ्याकडून पांढरी करून घेतली. काचेवर चरे होते, ती बदलली. आज सकाळीही घासून आणलंय, छान दिसावं म्हणून." त्या जाणकाराकडे वळल्या. "आमच्याकडे बोटं राहू द्यायची नसतात हो. तेच काम आहे माझं."

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. ज्या हातांनी केलं ते हात टेबलावर होते, हिरव्या कापडावर, दिव्याखाली, काळी पूड नखांत भरलेले. अशी माणसं जगात आहेत म्हणून बाकीच्यांचं चालतं.

जाणकार खाकरला. आवाज जरा उतरवून म्हणाला, "काम मात्र कसबाचं आहे. एक रेघ सापडत नाही."

"किंमत बोला," दादा म्हणाले.

"जसं होतं तसं असतं, तर तुम्ही म्हणताय तो बंगला नाही, पण चांगलं घर झालं असतं. आता... यंत्राचे म्हणून जे येतील त्यांत एक कपाट येईल."

"लाकडी की लोखंडी?"

"लोखंडी. एका दाराचं."

दादा उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. लख्खताई त्या पाठीकडे बघत राहिल्या. ही पाठ त्यांनी स्वयंपाकघरातून पुष्कळ बघितली होती. एव्हाना वाचता यायला हवी होती, पण येत नव्हती.

"देताय का?" जाणकारानं विचारलं. "दिलंत तर मी घेईन."

"दादा, अर्धं तुझं म्हटलंय मी. तू सांग."

"अर्धं कपाट घेऊन मी काय करू?" दादा खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "दार तू ठेवणार आणि मागचा पत्रा मला देणार?"

लख्खताईंना हसावं की रडावं कळेना.

"वरचं बटण दाबल्यावर काटा धावतो का गं अजून?"

"धावतो."

दादा परत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. "पहिल्याचा, दुसऱ्याचा वेळ बाबा स्वतः धावत्या काट्यावरून टिपायचे. तिसरा यायच्या वेळी मनगट माझ्याकडे करायचे. म्हणायचे, दाब. तिसऱ्या नंबराचा वेळ माझा असायचा. अख्ख्या मैदानात कुणाला पत्ता नव्हता. मला वाटलं होतं, घड्याळ मलाच देतील." ते थांबले. "पैशाचं नव्हतं असं नाही म्हणत. आले असते तर घेतले असते, सोडले नसते. पण ते नंतर."

"मला सांगायचंस की रे."

"काय सांगू? बहिणीकडे जाऊन बटण दाबू दे म्हणू? या वयात?"

"मला तर बाबांनी कधी हात लावू दिला नव्हता त्याला," लख्खताई म्हणाल्या. "तू मैदानावर जायचास, मी घरी. हातात आलं ते एकदम ते गेल्यावर. म्हणूनच घासत बसले असेन. दुसरं काय करायचं त्याचं, मला कुठं ठाऊक होतं?"

जाणकारानं घड्याळ रुमालात न ठेवता चावी दिली आणि टेबलावरून दादांच्या बाजूला सरकवलं. फी विचारली तर म्हणाला, नको. फक्त बाईंनी जाताना त्याच्या दाराच्या कडीला हात लावू नये, ती दीडशे वर्षांची आहे.

खाली रस्त्यावर आले तर दुपार होती, वर्दळ फारशी नव्हती. एका बाजूला गोदामांच्या बंद दारांची लांब रांग. दादांनी घड्याळ मनगटावर बांधलं. पट्टा बाबांच्या मापाचा, दादांना बरोबर बसला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"त्या निळ्या दारापर्यंत धाव."

"काय?"

"धाव गं. मी वेळ धरतो."

"दादा, पन्नाशी उलटली माझी. गुडघे वाजतात."

"तिसरी तर तिसरी. धाव."

आजवर लख्खताईंना कुणी शर्यतीला उभं केलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या. दादांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं, एक हात वर केला, खाली टाकला. आणि लख्खताई धावल्या. कशा म्हणाल तर वर्णन करण्यासारख्या नाही. गोदामाच्या पायरीवर बसलेला हमाल शेंगा खायचा थांबला, एक कुत्रं थोडा वेळ सोबतीला आलं आणि कंटाळून बसलं. निळ्या दारावर दोन्ही हात आपटून त्या वळल्या, तोंडानं श्वास घेत ओरडल्या, "किती झाले?"

दादांनी घड्याळाकडे बघितलं, मग कपाळाला हात लावला. "बटण दाबायचंच राहिलं! परत धाव."

इतक्या लांबूनही लख्खताईंना दिसत होतं की दादांचा अंगठा बटणावरच होता आणि ते तोंड फिरवून हसत होते. लबाड तो लबाडच. लहानपणीही असाच होता.

"घरी चल, मग सांगते तुला!" त्या ओरडल्या, आणि त्यांच्याकडे धावत सुटल्या.