टेलर, ड्रायव्हर आणि गवताची कात्री

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आणि माझ्यासारखी घाबरट बाई घरात असली की ते आपोआपच साठतात. शूर माणसाला काय किस्से असणार? तो गेला, काम केलं, घरी आला, संपलं! घाबरट माणूस मात्र उंबऱ्यावर उभा राहून सगळं बघत असतो. मी आमच्या पडवीच्या उंबऱ्यावर अशीच उभी असते. एक डोळा गॅसवरच्या दुधावर, एक डोळा ह्यांच्या बोटांवर. दूध कितीदा उतू गेलं ते विचारू नका.

पडवीत चालतं काय, तर गवत कापायची जुनी मशीनं दुरुस्त करायची. लांब दांडा धरून ढकलत न्यायची, पुढे ड्रमसारखी गोल पाती फिरतात, ती. साहेबाच्या काळी बंगल्यांची हिरवळ कापायला असायची. महाबळेश्वरच्या कुठल्या कुठल्या बंगल्यांतून ती भंगारात निघतात, घाट उतरून पोलादपूरला भंगारवाल्याकडे येतात आणि तिथून आमच्या महाडच्या घरात. महाडात एवढी हिरवळ कोणाकडे आहे, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारते!

* * *

आमचे हे टेलर. बाजारपेठेत दुकान होतं. ब्लाउज शिवावा तर ह्यांनीच, असं बायका म्हणायच्या. मग पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय आला, हातही उचलायला लागले. पण उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं करंगळीकडचं, बधिरच राहिली. हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. डॉक्टर सुई टोचून विचारायचे, "कळतंय?"

हे म्हणायचे, "नाय."

"येईल हळूहळू. कदाचित नाहीही येणार," डॉक्टर म्हणाले.

बोटांना कापड कळलं नाही तर टेलरने शिवायचं काय? दुकान बंद केलं. हे पडवीत खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. जेवायला उठायचे, परत तिथेच. मी रडून घ्यायची ती मोरीत, नळ सोडून.

एक दिवस विलासभाऊजी रिक्षातून एक गंजलेलं धूड घेऊन उतरले. विलासभाऊजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळी नोकरी कशेडी घाटात गेली. "लोखंड बघ काय सॉलिड हाय! म्हटलं, टेलरला दाखवूया," म्हणाले. मी कपाळावर हात मारला. एक माणूस पडवीत बसून राहिलेला, त्यात आता भंगार!

पण हे उठले. कोणी न सांगता. वाकून बघायला लागले. गोल फिरणारी पाती आणि त्यांच्या खाली एक सरळ, न हलणारं पातं. ह्यांनी ड्रम जरासा फिरवला, वरचं पातं खालच्यावरून सरकलं. हे माझ्याकडे वळले. कित्येक महिन्यांनी चेहऱ्यावर हसू होतं.

"अगो, ही तर कात्री हाय!"

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी. पण माझा आनंद किती टिकला म्हणता? चहा होईपर्यंत! चहा गाळता गाळता डोक्यात आलं, ज्या बोटांना सुई कळत नाही त्यांना पातं कसं कळणार? बोट तुटून खाली पडलं तरी हे आपले काम करत राहतील! बरं, "करू नका" म्हणावं, तर परत ती खुर्ची आणि ती भिंत. सांगा, बाईमाणसाने करायचं काय?

* * *

ह्या मंडळीत तिसरे आले सकपाळमामा. मूळचे कुडपणचे. मुंबईला एका जिमखान्याच्या मैदानावर माळी होते. नोकरी संपवून इकडे महाडला आले, पण मुंबई काही तोंडातून गेली नाही.

मामांचा नियम असा, की मशीन जुळवून झालं की पात्यांत कागद धरायचा आणि ड्रम फिरवायचा. "पेपर कटला का मशीन पास! जिमखान्यात यही चलता था."

ह्यांना तो अपमान वाटला. "कागद काय, कोण पण कापील. अस्तर कापलं पायजे. ते पण दोरा न निघता."

कपाट उघडलं, आणि अस्तर सापडलं नाही म्हणून हातात आला माझ्या नव्या साडीचा ब्लाउजपीस! मुलीने मुंबईहून आणलेली साडी, अजून घडी मोडली नव्हती. मी पडवीत पोचले तेव्हा मामा ड्रम फिरवत होते आणि हे कापड आत सरकवत होते. उजव्या हाताने! ब्लाउजपीसच्या सरळ, सुंदर पट्ट्या खाली पडत होत्या.

"बघ! एक तरी दोरा निघालाय?" ह्यांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली.

"बोटं दाखवा."

"अगो, कापड तर बघ!"

"कापड गेलं खड्ड्यात! बोटं दाखवा आधी!"

बोटं होती. सगळी होती. मामांनी मान डोलावली आणि निकाल दिला, "मशीन पास. वयनी फेल!"

* * *

मग मी एक युक्ती केली. बोटांना कळत नाही तर निदान डोळ्यांना तरी कळू दे, म्हणून त्या दोन बोटांच्या नखांना लालभडक नेलपॉलिश लावलं. लाल दिसलं की हात मागे घ्यायचा, असं ठरलं. ह्यांनी गुपचूप लावून घेतलं. माणूस गुणी आहे हो, फक्त ऐकत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आम्ही पुतण्यासाठी मुलगी बघायला पोलादपूरला गेलो. नेलपॉलिश मी विसरले, हे विसरले. विलासभाऊजी आमच्याबरोबर होते, त्यांना आठवत होतं, पण ते मुद्दाम बोलले नाहीत! कांदेपोह्यांची बशी ह्यांनी उजव्या हाताने घेतली, आणि समोरची सगळी माणसं बशीकडे बघायला लागली. मुलगी कोणी बघेना, सगळे ह्यांची बोटं बघतायत!

शेवटी मुलीच्या आजीला राहवलं नाही. "काय नवस बोललाव काय ओ?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "नाय आजी. ती दोन बोटं वयनीची हाईत. बाकीची टेलरची."

लग्न जमलं, तो भाग वेगळा. पण मी परतीच्या वाटेत भाऊजींशी एक शब्द बोलले नाही.

* * *

ह्या मशीनला धार लावायची एक रीत आहे. पाती उलटी फिरवायची आणि त्यांना ब्रशने खरखरीत पेस्ट लावत राहायची. हाताने फिरवून तिघांचे दंड भरून आले, तेव्हा ह्यांना आठवण झाली ती आपल्या शिलाई मशीनच्या मोटरीची. दुकान बंद झाल्यापासून पडूनच होती. पट्टा लावला, मोटर जोडली, पेडल खाली जमिनीवर ठेवलं. मॉडिफिकेशन! मामा तर इतके खूश, की मोटरीला हळदकुंकू वाहिलं.

विलासभाऊजी पेडलजवळच्या स्टुलावर बसले होते. पाती थांबलेली होती. त्यात चिंधी अडकली म्हणून ह्यांनी ती ओढायला हात पुढे केला. "टेलर, हात!" असं ओरडून त्यांनी जन्माच्या सवयीने धाडकन ब्रेक दाबला.

ब्रेक कुठला हो! ते मोटरीचं पेडल!

घर्रर्र करून पाती फिरली. पाती फिरली म्हणून भाऊजी आणखी घाबरले, आणि घाबरले म्हणून आणखी जोरात दाबलं. "ब्रेक लागत नाय! वयनी, ब्रेक लागत नाय!" मामांनी वायर खेचली तेव्हा कुठे थांबलं. ह्यांचा हात बाहेर होता. हातातला पेस्टचा ब्रश आत गेला होता, त्याचा चुरा झाला होता. मी उंबऱ्यावर बसले ती बसलेच.

भाऊजी घाम पुसत म्हणाले, "अख्ख्या नोकरीत एक ॲक्सिडेंट नाय माझा!"

ह्यांनी ब्रशाचे तुकडे गोळा केले. "कशेडीत तुझे पॅसेंजर देवाचं नाव का घ्यायचे, ते आज कळलं."

* * *

मशीन तयार झालं, आता ट्रायल कुठे घ्यायची? महाडात हिरवळ नाही, म्हणून माझ्या माहेरी, कापड्याला. भाताच्या खाचराच्या वर भावाची मोकळी जागा आहे, तिथे गुडघ्याइतकं गवत. मामा म्हणाले, "इतना ऊंचा नहीं चलेगा," म्हणून भावाने आधी विळ्याने कापून दिलं. मग ह्यांनी मशीन चालवलं. माझा भाऊ बिचारा बघतच राहिला. कापलेलं गवत परत कापायला महाडहून टेम्पो करून आलो होतो आम्ही!

मध्येच खट् करून मशीन अडकलं. पात्यांत दगड. हे लगेच वाकले. मामांनी एकदा सांगितलं होतं ते मला पक्कं आठवत होतं, की दगड सुटला की मशीन पुढे सरकतं, आणि चाक सरकलं की पातं फिरतं. ओरडायला आवाज फुटेना. धावले आणि चाकालाच मिठी मारली, नेसत्या साडीनिशी, चिखलात. मग मात्र आवाज फुटला! असा फुटला, की टेलरला काय झालं म्हणून अख्खी वाडी धावून आली.

ह्यांनी शांतपणे काठीने दगड पाडला. "हात कोण घालणार होतं? मी काय खुळा हाय?"

गर्दीतून माझी भावजय पुढे आली. मशीनने कापलेलं ते बारीक गवत तिने चिमटीत धरून बघितलं. "वन्सं, एवढ्यासाठी एवढा गोंधळ? आणि ही भुकटी काय म्हशीला चहात घालून देव?"

* * *

एवढी धास्ती घेऊन आमच्या घरात बोट कोणाचं कापलं? माझं!

विळीवर दुधी चिरत होते. खिडकीतून पडवी दिसते. मामा ओरडले, "हाथ निकालो!" म्हणून मी तिकडे बघितलं, आणि विळी अंगठ्यात घुसली. टाके घालायला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांना ह्यांच्या उद्योगाची कल्पना होती. "शेवटी मशीनने बोट घेतलंच का?"

"दुधीने घेतलं," मी म्हटलं.

ह्यांनी छाती पुढे काढली. "आमच्याकडं शेफ्टी फस क्लास हाय, डॉक्टर!"

माझे टाके झाल्यावर डॉक्टरांनी ह्यांचा हात मागितला. हे खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. डॉक्टरांनी मधल्या बोटाला सुई टोचली, मग शेजारच्या. हे रस्त्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि सुई ठेवून दिली. घरी येईपर्यंत रिक्षात मी तोंड पदरात धरून बसले. ह्यांना वाटलं, अंगठा दुखतोय.

* * *

आणि हा किस्सा ह्या दिवाळीनंतरचा. दुपारची वेळ, मी भाकरी थापत होते. पडवीत नवीन आलेलं मशीन खोलून ठेवलेलं. जरा वेळ अगदी शांतता होती, आणि मला शांततेचीच जास्त भीती वाटते. तेवढ्यात हे ओरडले.

"आई गं!"

पिठाच्या हाताने धावले. हे पडवीत मधोमध उभे, उजवा हात वर धरलेला, रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक. मामा फडकं शोधत गोल गोल फिरतायत आणि ओरडतायत, "रिक्षा! कोणी तरी रिक्षा बोलवा रे!" इतके दिवस ज्याला भीत होते, ते झालंच शेवटी.

मग मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे हसत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसतायत!

"अगो, दुखलं!"

"काय?"

"दुखलं गो! कापलं तेव्हा दुखलं!"

"कुठलं बोट?"

त्यांनी बोट पुढे केलं. मधलं. जखम फार खोल नव्हती, कातडीच निघाली होती. मी ते बोट धरलं आणि दाबलं.

"आई गं!"

परत दाबलं.

"अगो, सोड! जाम दुखतंय!"

"खरंच? माझी शपथ?"

"तुझी शपथ! जाम दुखतंय गो!"

आम्ही दोघं रडतोय, दोघं हसतोय, माझ्या हातावरचं पीठ लाल झालेलं. भाऊजींना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. माझा दंड धरून ओढायला लागले. "वयनी, काय करताय काय! रक्त येतंय त्याचं! सोडा त्याला!"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं, आणि शेजारचं बोट धरलं.