हर्निया नव्हता

सहा वर्षं आम्ही दवाखान्यात जाताना एक कापडी पिशवी न्यायचो. पिशवीत बायकोची फाइल. सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, नळ्या तपासल्याचा एक्स-रे, सगळं तिचं. मी स्कूटर चालवायचो आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. मूल होत नसेल तर बाईला तपासायचं, हे आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं; ते ठरलेलंच होतं. आईनं तिला सोळा सोमवार धरायला लावले, ते संपले तेव्हा पुन्हा धरायला लावले. मी करू दिले. मला ते सोयीचं होतं, दुसरं काय.

शेवटी पुरुषांच्याच तक्रारी बघणाऱ्या एका सर्जनकडे बायकोनं मला जवळजवळ ओढत नेलं. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "ये तो मैडम की है. आपकी कहाँ है?"

माझ्या नावाचा एक कागदही नव्हता. त्यांनी मला पडद्यामागे उभं करून तपासलं, खोकायला लावलं आणि म्हणाले, अंडकोशाच्या शिरा फुगल्या आहेत, अडचण बहुधा इथेच आहे. आणखी तपासण्या झाल्या, तेच निघालं. छोटं ऑपरेशन ठरलं. लाजेनं माझे कान तापले. पण खरं सांगतो, बाहेर आल्यावर हायसंही वाटलं. निदान कारण तरी सापडलं होतं.

आईला आणि मी कामाला असलेल्या रिछाईच्या कारखान्यात हर्नियाचं ऑपरेशन असल्याचं सांगितलं. टाके जांघेतच होते, त्यामुळे थाप खपली.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घरी आलो. शेजारच्या काकू बघायला आल्या. बायको आत चहा करत होती. आई त्यांना सांगू लागली, "हिनं त्याले गॅसची टंकी उचलायले लावली ना जी, म्हणून हर्निया झाला. आधीच घरात लेकरू नाही, आता नवरा बी अंथरुणाले खिळवला."

माझी थाप फिरून तिच्याच डोक्यावर जाऊन बसली होती. आतला कपबश्यांचा आवाज थांबला. सहा वर्षं ती असंच ऐकत आली होती. मला माझीच शिसारी आली.

"आई, हर्निया नव्हता," मी म्हणालो. "माझ्यामुळे लेकरू होऊन नाही राहिलं. दोष माझ्यात आहे. तिच्यात काहीच नाही."

काकूंनी चहा न घेताच काढता पाय घेतला. आई माझ्याकडे वळली.

"अन् तू तिले सोमवार करू दिले?"

"हो."

"काहून?"

सोमवार आईनंच धरायला लावले होते, पण ते दाखवून द्यायची ती वेळ नव्हती.

"चलो, मग आता सोमवार तू कर," म्हणत ती उठली.

मूल अजून नाही. तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट आधीपेक्षा चांगला आला, सर्जन म्हणाले, उम्मीद रखिए. होईल, किंवा नाही होणार. पण पिशवीत आता दोन फाइली असतात, आणि मला रात्री शांत झोप लागते.

सोमवारी माझ्यापुढे उपासाचा साबुदाणा असतो, बायकोपुढे पोहे-जलेबी. पहिल्या सोमवारी तिला घास घेववेना. आईनंच तिच्या ताटलीत आणखी एक जलेबी वाढली आणि म्हणाली, "खा बाई. लय झाले तुझे."