दाजी आणि निलगिरीचा घाम

डोळे, कान गहाण ठेवून निव्वळ नाकावर संसार करणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. पलटणीतून हवालदार म्हणून परतल्यावर फलटणजवळच्या रानात त्यांनी निलगिरी लावली आणि दिवसातून तीनदा तिच्यापुढं डोळे मिटून उभं राहू लागले. पहाटे वास पातळ, ऊन चढेल तसा दाट, ढग आला की पुन्हा उतरतो, हे ते येईल त्या पाहुण्याला चहाआधी सांगत. "झाडालाबी घाम येतो गड्या," म्हणत. एकदा लेकीची सोयरीक बघायला आलेल्यांना त्यांनी अर्धा तास उन्हात हुंगत उभं केलं. तरी ती सोयरीक जमली, हे नवलच.

त्याच मुलीचं लग्न त्र्याहत्तरच्या मे महिन्यात होतं. आचाऱ्यांनी सावली बघून निलगिरीखालीच चुली पेटवल्या. वऱ्हाड सांगलीहून येऊन टेकलेलं. अकराच्या सुमाराला दाजी मांडवातून उठून तिकडं गेले, थांबले, आणि चुली हलवा म्हणाले. आचारी हसला. नवऱ्या मुलाचे चुलते तापले. जेवणाला उशीर झाला तर वऱ्हाड माघारी नेऊ म्हणाले. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. मी दाजींना बाजूला घेऊन समजावलं, पोरीचं बघा म्हटलं.

"तिचंच बघतोय," दाजी म्हणाले. "हितं हवेत तेल हाय. पाचोळा वाळलाय. लय झालं आता."

आणि त्यांनी स्वतःच चुलींवर घागरी ओतल्या. चुलते जोडे घालू लागले. मुलगी बोहल्यामागं खाली मान घालून उभी. बायका पुऱ्यांचे पोळपाट उचलून विहिरीकडं गेल्या आणि तिथं नव्या चुली मांडल्या.

थांबायचं की निघायचं, हा वऱ्हाडाचा वाद चालू असतानाच दुपारी वारा सुटला. एका चुलीच्या राखेत निखारा राहिला होता. पाचोळ्यानं पेट घेतला, लोंबत्या सालीवरून जाळ वर चढला आणि अख्खा शेंडा एकदम भडकला. पुऱ्या लाटणाऱ्या बायका तासापूर्वी त्याच झाडाखाली बसल्या होत्या. आम्ही विहिरीवरून घागरी पळवल्या. माणसाला चटका बसला नाही, सात झाडं मात्र गेली.

अक्षता उशिरा पडल्या. जेवणं झाल्यावर चुलते टोपी हातात घेऊन दाजींशेजारी येऊन उभे राहिले.

"आवं, आमाला कसा न्हाई आला वास?"

"तुमी घाईत व्हता," दाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मुलगी गाडीत बसली तेव्हा सगळे रस्त्यावर होतो. दाजी तेवढे जळक्या खोडांपाशी थांबले होते. मी बोलवायला गेलो. त्यांच्या मुठीत लेकीच्या डोक्यावरून ओघळलेल्या अक्षता होत्या, आणि ते त्या हुंगत होते.