वाळूवरची लाल साय

वैशाखातल्या सकाळी कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध घरभर पसरलेला असे, आणि त्याला छेद देत दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून एक कुबट, दलदलीचा वास माझ्या नाकाशी येऊन थडके. तो आमच्या समुद्राचा वास. अमरावतीत समुद्र पाळणाऱ्या माणसाला शहाणं कोण म्हणेल? पण पुण्याला शिकायला जाताना लेकीने खाऱ्या पाण्याची ती काचेची टाकी आणि तिच्यातले दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे माझ्या स्वाधीन केले, आणि मी 'एकही मरू देणार नाही' असं वचन देऊन बसलो.

लाल शेवाळ उगवलं ते चैत्रात. पांढऱ्या वाळूवर आधी कुंकू सांडल्यासारखा एक ठिपका, मग दाट, बुळबुळीत साय. सकाळचं ऊन पडलं की तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे चमकत आणि ती इतकी सुंदर दिसे की माझं पित्त आणखीच खवळे. नळीने ओढून काढावी, तर येत्या सोमवारी पुन्हा हजर. माशांचं खाणं कमी केलं, पाणी जोरात फिरवलं, तीन दिवस टाकीवर काळी चादर टाकून अंधार केला. वाळू पांढरी झाली, आणि सोमवारी पुन्हा लाल. त्याच आठवड्यात एक मासा गेला. लेकीने फोनवर विचारलं, "दुसरा कुठे आहे?" मी म्हणालो, "दगडामागे असेल."

दर वेळी सोमवारच का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उन्हाने टाकीतलं पाणी रोज बोटभर उडे. मीठ मात्र मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती शुद्ध, गोड्या पाण्याचीच. ते मी इमानेइतबारे करत होतो. तरी खारेपणा वाढतच होता. मग एका शनिवारी कचेरीतून लवकर परतलो आणि दारातच थबकलो. माझे वृद्ध वडील स्टुलावर उभे राहून तांब्याने टाकीत पाणी ओतत होते. खाली गावाकडचा कॅन. आमचं गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यावर ना पीक येत, ना डाळ शिजत. ते पाणी दर शनिवारी चुलतभाऊ माझ्या नकळत त्यांना आणून देत होता.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी!"

"अरे, समुद्राच्या मासोयीले तू गोडं पानी कावून पाजून राहिला? मरतीन ना त्या. हे आपल्या विहिरीचं हाय, अस्सल खारं."

मी भडकलो. समुद्राचं खारं वेगळं, शेतातलं खत त्या विहिरीत झिरपतं, तेच खाऊन हे शेवाळ माजतं, सगळं एका दमात सुनावलं. मासा त्या पाण्यानेच मेला, हेही बोलून गेलो. बोलायला नको होतं.

ते सावकाश खाली उतरले. "जलमभर त्या पान्याले शिव्याच देल्या," म्हणाले. "वाटलं, एकडाव कोनाच्या कामी आलं."

पुढच्या रविवारी लेकीला मी सारं खरं सांगितलं, फक्त पाणी कुणी ओतलं ते सोडून.

शेवाळ आता ओसरतं आहे, पुरतं गेलेलं नाही. भर घालायचं काम वडिलांनी मागून घेतलं. ओतण्याआधी ते शुद्ध पाण्याचा घोट तळहातावर घेऊन चाखतात, "गोडं हाय," म्हणतात आणि हात तसाच धरून उभे राहतात. असल्या पाण्याच्या एका घागरीसाठी माझी आई शेजारच्या गावापर्यंत चालत जायची. मग ते बारीक धारेने, जिवावर आल्यासारखं, खाऱ्यात ओतू लागतात. मला कचेरीला उशीर होत असतो, आणि त्यांना 'लवकर ओता' म्हणवत नाही.