फळी काढा

चष्मेवाल्या ताईंच्या डोक्यात एकच गोष्ट जायची, ती म्हणजे लोकांचा चांगुलपणा. आता बसला व्हीलचेअर चढवायची फळी दाराशीच बसवलेली होती. कडी ओढली की उलगडते, बास. पण ड्रायव्हरला ती ओढायचा कंटाळा. धुळीनं हात भरतात म्हणे! त्यापेक्षा तो आणि एखादा दणकट प्रवासी ताईंना सरळ उचलून सीटवर बसवायचे, खुर्ची मागून चढवायचे आणि पुण्य पदरात पडल्यासारखे एकमेकांकडे बघायचे. ताईंना हे असं पोत्यासारखं उचललं जाणं मुळीच सोसत नसे. पण बोलायची सोय कुठे होती? लोक मदत करतायत आणि हिला नखरे सुचतायत, असं ऐकावं लागलं असतं.

चष्म्याच्या दुकानात ताई भिंगं घासून बसवायच्या. दुकानाची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. सकाळी कुलूप त्यांनीच उघडायचं, हा त्यांचा मान. मालकांनी मात्र बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर किल्ली माझ्या भाच्याकडे जाईल.

आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. ताईंना उचललं, बसवलं, "सावकाश हं ताई" म्हणून झालं आणि बस सुटली. खुर्ची राहिली स्टॉपवर! ड्रायव्हरला वाटलं प्रवाशानं चढवली, प्रवाशाला वाटलं ड्रायव्हरनं. बस वळवून खुर्ची आणेपर्यंत सगळा बाजार उघडला होता.

दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मालक रागावले नाहीत, तेच ताईंना जास्त लागलं. "तुमचे हाल बघवत नाहीत हो," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. ताईंनी किल्ली दिली. घरी जाऊन त्या रडल्या आणि मग धाकट्या बहिणीवर उगाचच खेकसल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर नेहमीसारखा हात पसरून उतरला. ताईंनी खुर्ची दाराच्या ऐन मधोमध आणली आणि ब्रेक लावला.

"हात लावू नका. फळी काढा."

मागे कुरकुर सुरू झाली. चांगुलपणाचा जमानाच राहिला नाही, असंही कुणी म्हणालं. ताई ढिम्म. शेवटी ड्रायव्हर तणतणत वाकला, त्यानं कडी ओढली, फळी खाली आली. मागचे लोक आपापल्या पिशव्या सावरतायत तोवर ताई स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत आत पोचल्यासुद्धा.

"एवढंच होतं होय?" ड्रायव्हर म्हणाला. ताईंना त्याचं तोंडही बघावंसं वाटेना.

त्या सकाळी ताई वेळेच्या आधीच दुकानाशी पोचल्या. दाराला कुलूप होतं. भाचा अजून यायचा होता.